कापसाच्या खोलीतलं सतरावं प्रकरण

चहाच्या वेळी आजोबांच्या मांडीवर बसून, बिस्किट बशीत बुडवता बुडवता सृष्टीनं जाहीर केलं, "आबा, खून झाला."

लिंबाजीआबांची बशी ओठाजवळ थांबली. "अगं बया! कुणाचा?"

"सायबाचा," सृष्टी म्हणाली, आणि बिस्किट तुटून चहात पडलं म्हणून तिनं भोकाड पसरलं.

आत ओट्यापाशी राजेश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. पोरगी अडीच वर्षांची, पण कान असे की दुपारी पडलेलं संध्याकाळी तोंडातून आलंच म्हणून समजा. आबांना मात्र गंमत वाटली. पारावर जाऊन त्यांनी सांगूनही टाकलं, "आमची सून सध्या लंडनच्या खुनाचा तपास करायलीय. मोबाइलवर."

ते फार खोटंही नव्हतं. राजेश्री बोलती पुस्तकं वाचायची. पुण्याची एक कंपनी मजकूर पाठवायची, ती बोटाएवढा माईक मोबाइलला लावून तो वाचायची आणि आवाज परत पाठवायची. परभणीला एम. ए. केलं, लग्न होऊन जिंतूरजवळच्या या गावात आली, सृष्टी झाली, आणि मग कित्येक महिने तिच्या तोंडून बाळाशी बोलायचे बोबडे शब्द सोडून दुसरं काही निघालंच नव्हतं. हे काम मिळालं तेव्हा आपला आवाज अजून शाबूत आहे, हे तिला कळलं. म्हणून तिचा त्यावर जीव होता.

पुस्तक इंग्रजीत हल्लीच लिहिलेलं, पण घडत होतं व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये. धुकं, घोडागाड्या, गॅसचे दिवे, आणि ॲग्नेस नावाची एक विधवा, जी पोलिसांनी हात टेकलेले खून उकलून दाखवते. घरात त्या खुनांची कुणालाच हरकत नव्हती. पहिल्याच प्रकरणात साहेबाचं डोकं फुटलं, मधे एका बाईला नदीतून काढलं, पुढं डॉक्टरानं प्रेत चिरलं. सासूबाई सगुणाबाई खोलीबाहेर तुरीच्या शेंगा सोलत ते ऐकायच्या आणि "बरं झालं मेला" असा निकालही देऊन टाकायच्या.

सतराव्या प्रकरणात कुणीच मरत नव्हतं. अडचण तिथंच होती.

त्या प्रकरणात एका धुक्याच्या रात्री ॲग्नेसच्या दारावर टकटक होते. बाहेर एडविन असतो, छापखान्यातला कामगार, ज्याच्यावर पोलिसांचा सगळा संशय. ती दार उघडते. आणि मग पुढची सगळी पानं त्या दोघांची. लेखिकेनं काहीही झाकून ठेवलं नव्हतं आणि मराठी करणारीनंही नाही. राजेश्रीनं ते पहिल्यांदा मनात वाचलं तेव्हाही तिनं मोबाइल पालथा घातला होता.

तिनं पुण्याच्या कंपनीतल्या सत्यशीलाताईंना फोन लावला. "ताई, हे गाळता नाही का येणार? दार उघडलं, आणि मग एकदम सकाळ झाली, असं म्हणू."

सत्यशीलाताई मूळच्या परभणीकडच्याच, चुडाव्याच्या. पुण्यात राहून त्यांची भाषा धुऊन निघाली होती, पण हसल्या की चुडावा वर यायचा. "अगं बाई, पुरावाच तिथं हाय ना! पलंगावर! तो गाळला तर पुढं ॲग्नेसला काय स्वप्न पडतं का?"

खरंच होतं ते. साहेबाला मारणाऱ्यानं उजवा हात डोक्याच्या वर नेऊन घाव घातला होता. आणि त्या रात्री तो झोपल्यावर अंधारात ॲग्नेसच्या बोटांना कळतं की एडविनचा उजवा खांदा कधीतरी मोडून वाकडा जुळलाय, तो हात छातीच्या वर जातच नाही. पोट भरण्यासाठी त्यानं ते आजवर सगळ्यांपासून लपवलंय. म्हणजे खून त्यानं केलेला नाही. त्या प्रकरणात तिला माणूसही मिळतो आणि सत्यही, आणि दोन्ही एकाच ठिकाणी.

वाचायचं तर होतंच. पण मोठ्यानं. या घरात.

जागेचा प्रश्न मात्र नव्हता. भाव चढेल म्हणून आबांनी यंदाचा कापूस विकला नव्हता. मागची पत्र्याची खोली पार आढ्यापर्यंत भरली होती. वेचणी संपत आली तेव्हा राजेश्री एकदा त्या खोलीत गेली, सृष्टीला हाक मारली आणि दचकलीच. हाक ओठांवरून निघाली आणि तिथंच मुरली. भिंत नाही, पत्रा नाही, शेजारच्या गिरणीची घरघर नाही. आपलाच आवाज आपल्या कानाच्या आतून ऐकू यावा तसा. पुण्याच्या स्टुडिओतल्या भिंती तिनं फोटोत पाहिल्या होत्या. त्यांच्यापेक्षा ही खोली सरस होती. तेव्हापासून ती दाराजवळ कापसात एवढीशी ढोली करून बसायची. अंगाला खाज सुटायची, डोक्यात पांढरे पुंजके अडकायचे, पण आवाज असा उतरायचा की सत्यशीलाताई विचारायच्या, "कुठं बसतेस गं?" आणि ती सांगायची नाही. पुण्याला काय वाटेल!

दार ती नेहमी बोटभर उघडं ठेवायची. सृष्टी उठली तर ऐकू यायला हवं, आणि झोपेतून उठून पोरगी थेट कापसात शिरली तर? कापसात माणूस रुततो, तोंडा-नाकात जातो. हे चित्र राजेश्रीच्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. सगळी प्रकरणं तिनं अशीच वाचली होती, एक डोळा अक्षरांवर आणि एक फटीवर.

सतरावं प्रकरण तिनं वाचून पाठवलं, ते परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा सत्यशीलाताईंनी फोनच केला.

"राजेश्री, खरं सांगू? तुझा आवाज दाराकडं बघतोय. ॲग्नेस दार उघडते आणि तू लावून घेतेस. ऐकणाऱ्याला वाटतं, आता कुणीतरी येऊन हिला मारणार."

"घरात माणसं आहेत ताई."

"माझ्याही घरात आहेत. हे बघ, उद्या संध्याकाळपर्यंत दे. नाहीतर पुस्तक दुसरीकडं जाईल, आणि ते पहिल्यापासून. अर्धं एकीच्या आवाजात, अर्धं दुसरीच्या, असं चालत नाही. मग मला तुझ्यासाठी पुढचंही मागता येणार नाही." फोन ठेवता ठेवता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझा आवाज लय चांगला हाय गं. म्हणून बोलले."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बालाजीभाऊंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. राजेश्रीनं सासूबाईंना गाठून, मान खाली घालून सांगितलं, "आई, मला अडचण आलीय."

"आत्ताच यायची होती होय?" सगुणाबाई म्हणाल्या, पण पुढं काही विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सृष्टीला काजळ लावलं, परकर नेसवला आणि कडेवर घेऊन निघाल्या. राजेश्रीनं बोटावर माणसं मोजली. आबा जिंतूरच्या बाजाराला. नवरा हरिओम परभणीला नोकरीवर, तो शनिवारी येणार. सासूबाई आणि सृष्टी बालाजीभाऊंकडं. तिथं पोरीला वाण, तिळगूळ, खेळायला चार पोरं. तासभर तरी निश्चिंती. घर रिकामं.

ती कापसाच्या खोलीत गेली आणि पहिल्यांदाच आतून कडी घातली. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी कापसावर पडली होती. ढोलीत बसून तिनं माईक पदराला अडकवला आणि सुरुवात केली.

"'धुकं इतकं दाट होतं की रस्त्यावरचा दिवा फक्त एक पिवळा डाग उरला होता. दारावर दोनदा टकटक झाली. ॲग्नेस उठली. तिला माहीत होतं बाहेर कोण आहे, आणि हेही माहीत होतं, की अशा वेळी शहाणी बाई काय करते. तिनं—'"

"अशी कामून वाचायलीस गं, चोरी केल्यासारखी?"

आवाज कापसातून आला. ढिगाच्या अगदी वर, पत्र्याच्या खाली, कापूस हलला, ढासळला, आणि त्यातून एक पिकलेलं डोकं वर आलं.

चतुराबाई. आबांच्या थोरल्या बहीण, सगळ्यांच्या आत्याबाई. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून याच घरात. वेचणीच्या बायांना धाक यांचा, गड्यांना धाक यांचा, आबासुद्धा यांच्यासमोर तंबाखू लपवायचे. एवढ्या मोठ्या बाईला राजेश्री विसरली कशी? तर बोटावर माणसं मोजताना तिनं तेच केलं होतं जे हे घर वर्षानुवर्षं करत आलं होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी चतुराबाईंना कुणी मोजायचंच नाही.

"आत्याबाई, तुम्ही... कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून. दरसाल येते मी इथं, या दिवशी." त्या कापसावरून घसरत खाली आल्या, गुडघे धरून समोर बसल्या. "वाटंनं नटून-थटून बाया जातात. मी दिसले की त्यांनाबी अवघड, मलाबी. इथं बरं. मऊ लागतं." मग डोळे बारीक करून त्यांनी सुनेकडं पाहिलं. "आन काय गं, तुला अडचण आली म्हणं?"

राजेश्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता सगळं बाहेर येणार, रात्री जेवताना घरभर होणार. तिनं मोबाइल बंद केला. "जाऊ द्या आत्याबाई. मी नाही वाचत. पाठवून देते पुस्तक परत."

"मी वाचू नको म्हणले का? चोरी केल्यासारखी वाचायलीस म्हणले. ती बाई चोरी करायली का?"

"नाही."

"मग? आन ती बाई कोण? नवरा न्हाई का तिला?"

"गेलाय. विधवा आहे. दोन वर्षं झाली. तेव्हा तिकडं नवरा गेला की बाईनं काळे कपडे घालायचे, गळ्यापासून पायापर्यंत. दागिने नाहीत. कुणाच्या कार्याला जायचं नाही."

"तिकडंबी?"

"तिकडंही."

"गोऱ्या बायांनाबी?"

"हो आत्याबाई. त्यांची राणीसुद्धा नवरा गेल्यावर मरेपर्यंत काळ्यातच राहिली."

कापसाचा एक पुंजका उचलून चतुराबाई त्यातली सरकी चिमटीत फिरवत राहिल्या. "राणीला कोण काय म्हणणार होतं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम, "तो बाहेर उभा हाय, टकटक केली. पुढं काय? उघडलं का तिनं दार?"

"उघडलं."

"वाच मग. मला वाच. त्या यंत्राला नको वाचू."

राजेश्रीनं मोबाइल पुन्हा चालू करून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यानंतर समोरून आलं, "हूं." चौथ्यानंतर पुन्हा, "हूं." लहानपणी रात्री गोष्ट ऐकताना द्यायचा तसा हुंकारा. आत्याबाई मान डोलावून, अगदी वेळेवर तो देत होत्या. त्याशिवाय सांगणाऱ्याची गोष्ट पुढं जायची नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. राजेश्रीला हसू आलं आणि ती थांबली.

"आत्याबाई, हुंकारा नाही चालत. त्यात उतरतो."

"मग तुला कळणार कसं मी ऐकायले?"

"मी बघते ना तुमच्याकडं."

"बरं." त्यांनी पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला, आणि मोठ्या डोळ्यांनी बघत बसल्या.

तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. धुकं. पिवळा डाग. दोनदा टकटक. "'तिनं कडी काढली.'" आणि यावेळी ती कडी खरोखर निघाल्यासारखा आवाज झाला तिच्या गळ्यात. तिनं दाराच्या फटीकडं पाहिलं नाही. फट नव्हतीच. समोर दोन डोळे होते, आणि ती त्या डोळ्यांना सांगत होती.

"'गळ्यापासून कमरेपर्यंत काळ्या गुंड्यांची रांग होती. दोन वर्षं त्या तिनंच लावल्या होत्या, तिनंच काढल्या होत्या. आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की त्या किती आहेत. तो घाई करत नव्हता. "थांबू?" त्यानं विचारलं. "नको," ती म्हणाली, आणि तिलाच आपला आवाज नवा वाटला.'"

आत्याबाईंचे डोळे हलले नाहीत. राजेश्री वाचत गेली. ज्या शब्दांवर आधी तिची जीभ अडखळायची ते शब्द येत होते आणि जात होते, ओंजळीतून पाणी जावं तसे. मान, पाठ, श्वास, मांडी, ओठ. त्यात घाण काही नव्हतंच, हे तिला वाचता वाचता कळत गेलं. एक बाई होती, जिला कितीतरी दिवसांनी कुणी हात लावला होता. मग ती ओळ आली: "'अंधारात तिचा हात त्याच्या उजव्या खांद्यावर थांबला.'" आत्याबाईंनी पदर दातांत घट्ट धरला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. चेहरा मात्र रडणारा नव्हता. झरोक्यातली ती उन्हाची पट्टी सरकत त्यांच्या कपाळावर आली होती, केसांत पांढरे पुंजके चमकत होते, आणि भावा-भाच्यांना कापरं भरवणाऱ्या त्या बाईच्या जागी कुणी एकोणिसाची पोर बसली आहे, असं राजेश्रीला वाटलं. आवाज मात्र थांबला नाही, उलट आणखी खोल गेला, तो कुठून येतोय हे तिचं तिलाही कळेना. एवढं आपल्यात होतं? आणि एवढं यांच्यात?

शेवटचं वाक्य संपलं. तिनं यंत्र बंद केलं.

चतुराबाईंनी पदर तोंडातून काढला.

"मीबी उघडलं होतं," त्या म्हणाल्या.

राजेश्री ढोलीतून पुढं सरकली.

"चैतात लगीन झालं. आखाड लागला तशी मला इकडं आणली. नव्या नवरीनं आखाडात सासरचं तोंड बघायचं न्हाई, नवऱ्याचंबी न्हाई. तो एक दिवस सायकलवर आला. भर दुपारी. सगळे पेरणीला गेलेले. दारामागून मी म्हणले, आखाड हाय, जावा. तो म्हणला, बरं, नुसतं पाणी द्या." त्या हसल्या. राजेश्रीनं त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. "पाणी द्यायला दार उघडावं लागतं बाई."

"मग?"

"मग काय! तू आत्ता वाचलीस ना, तेच. तुझ्या त्या बाईला गुंड्या लय होत्या, एवढंच." त्यांनी गाल पुसले. "आठ दिसांत त्याला रानात पान लागलं. साप कुणाला सुटलाय? दोन्हीकडच्या बाया म्हणल्या, पोरीच्या पायगुणानं गेला. आखाडातलं कळलं असतं तर चामडं सोललं असतं माझं. कुणाला बोलले न्हाई, आईलाबी न्हाई. पण पस्तावा एक दिवस न्हाई केला. ती दुपार न्हाई उघडली असती, तर माझ्यापाशी काय राह्यलं असतं, सांग बरं?"

सगळं घर जिला कोरडं लाकूड समजत होतं, तिनं एक दुपार इतकी वर्षं अशी जपली होती की तिचा रंगही उडाला नव्हता. राजेश्रीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तसं केलं तर त्या चिडतील हेही वाटलं. ती नुसती त्यांच्या केसांतले कापसाचे पुंजके वेचत बसली, आणि त्यांनी वेचू दिले.

"अगं राजेश्री! कुठं गेलीस?" अंगणातून सासूबाईंची हाक आली आणि मागोमाग सृष्टीची, "आई, तिऊल!" आत्याबाई ताडकन उठल्या, कडी काढून बाहेर गेल्या आणि त्यांचा रोजचा आवाज अंगणभर झाला, "आलीस का सगुणा? त्या वासराला पाणी कोण दाखवणार, बालाजी?"

"वन्सं, तुमी कापसात काय करायला होता?" सासूबाईंनी त्यांच्या लुगड्याकडं बघत विचारलं.

"पुस्तक ऐकत होते. सून वाचती लय चांगलं." बस्स. पुढं कुणी विचारलं नाही.

राजेश्रीनं सृष्टीला कडेवर घेतलं, तिच्या हातातला चिकट तिळगूळ पुसला आणि आवाज पुण्याला पाठवून दिला. मग काळजी करत बसली. वाचनात कुठं आत्याबाईंचा श्वास तर नसेल उतरला? ऊन कलल्यावर फोन वाजला.

"राजेश्री," सत्यशीलाताई म्हणाल्या, "दोनदा ऐकलं. काम थांबवून ऐकलं. पुस्तक तुझंच. पुढची प्रकरणं सुरू कर." आणि थोड्या वेळानं, "कुणाला वाचून दाखवत होतीस गं?"

"घरातल्याच माणसाला," राजेश्री म्हणाली.

ती अंगणात आली. आत्याबाई एकट्याच बाजेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. सृष्टी त्यांच्या शेजारी सोललेले दाणे खात होती. राजेश्रीनं नुसती मान हलवून सांगितलं, झालं. त्यांनीही मान हलवली. मग इकडं-तिकडं बघून आवाज खाली आणला.

"मी काय म्हणते, एक गोष्ट सकाळपासून... म्हणजे दुपारपासून डोक्यात फिरायलीय. त्याचा हात वर जात न्हाई, हे तिला कळलं. पण पोलिसाला कसं पटणार? ते म्हणतील, सोंग करायलाय हा."

"तेच म्हणतात," राजेश्री थक्क होऊन म्हणाली. लेखिकेनं अख्खं एक प्रकरण घालून मांडलेला पेच या बाईनं घाटे सोलता सोलता काढला होता. "सरकारी डॉक्टरच म्हणतो तसं. जागेपणी कुणीही सोंग करेल. फाशीच होणार असते."

"झोपेत न्हाई करता येत सोंग."

"नाही."

"आन झोपेत त्याला तिनंच बघितलंय." आत्याबाईंचे हात थांबले. "मग तिला सांगावं लागणार. रात्री मी तिथं होते म्हून."

"हो."

"सांगती?"

"सांगते आत्याबाई. भर कोर्टात. सगळे पुरुष बसलेले असतात, बातम्या लिहिणारे असतात. काळ्या कपड्यांत उभी राहते आणि सांगते."

चतुराबाईंनी हातातला घाटा तसाच धरला. मोठी वावटळ बघावी तसं त्या समोरच्या मोकळ्या रस्त्याकडं बघत राहिल्या.

"भर कोर्टात," त्या म्हणाल्या. आणि काही वेळानं, अगदी हळू, "हूं."